ओंजळभर कोळसा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं भरली ५,४५५. त्यातली निम्मी एकट्या व्हॅलेंटाइन गावात, जिथे काउंटीचं कोर्टहाउस आहे. बाकी सगळी गवताने धरून ठेवलेली वाळूची टेकाडं आणि गायी. ऑक्टोबरात आमच्या मोजणीच्या टोळीकडे इथल्या एका सेक्शनचा, म्हणजे मैल बाय मैल चौकोनाचा, कोपरा शोधायचं काम आलं. रँच, म्हणजे गायींचं मोठं कुरण, विकायची होती आणि घेणाऱ्याच्या वकिलाचा प्रश्न साधा होता: कुंपण हद्दीवर आहे का?

सकाळ गेली कागदांत. इथे सातबारासारखा एक कागद नसतो. मूळ सरकारी पेटंटपासून, म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा दिली त्या सनदेपासून, आजपर्यंतची खरेदीखतं एकामागून एक जुळवत यावं लागतं. त्यासाठी सेक्शनवार नोंदवही असते आणि जमिनीचं वर्णन वाचायचं ते शेवटाकडून. आधी सहावी मुख्य मध्यान्हरेषा, म्हणजे मोजणीची उभी आधाररेषा, मग तिच्यापासून पश्चिमेला कितवी रेंज, म्हणजे सहा मैल रुंदीचा कितवा उभा पट्टा, कॅन्सस-नेब्रास्का सीमेवरच्या ४० अक्षांशापासून उत्तरेला कितवी टाउनशिप, मग सेक्शन आणि सगळ्यात शेवटी त्याचा पाव किंवा पावाचा पाव. टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, तिच्यात ३६ सेक्शन. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेला निघतात, खालच्या ओळीत उलटे फिरतात. बैल नांगर वळवतो तसे. सेक्शन ६४० एकरांचा म्हणतात, पण मोजणीतली सगळी कमीजास्त उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेला ढकललेली असते. त्या कडेच्या तुकड्यांना ‘लॉट’ म्हणतात आणि तिथे पावाचा पाव ४० एकर धरून हिशोब केला की चुकलाच.

आमच्या रँचच्या कागदांत सात वेगवेगळ्या कुटुंबांची पेटंटं निघाली, बहुतेक किंकेड कायद्याखालची. १८६२ चा होमस्टेड कायदा १६० एकर द्यायचा. वाळूत तेवढ्यावर कोण जगणार? म्हणून १९०४ मध्ये किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कापुरती मर्यादा ६४० एकरांवर नेली. ज्याच्याकडे आधीचे १६० होते त्याला लगतचे ४८० आणखी मिळत. त्यामुळे एकाच माणसाची दोन पेटंटं असतात आणि घाईत दुसरं बघायचं राहून जातं. पण ६४०ही कमीच पडले. इथे एका गायीला वर्षाला पंधरा-वीस एकर चराई लागते, म्हणजे संसार तीस-चाळीस गायींवर. पाच वर्षं राहून पेटंट घ्यायचं आणि शेजारच्या मोठ्या रँचला विकून निघायचं, हा क्रम पानापानावर दिसतो. ब्राउनलीजवळ नॉर्थ लूप नदीकाठी १९०७ च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेलं डेविटी गावही याच कायद्यावर उभं राहिलं आणि १९३० च्या दशकात संपलं.

दुपारी जागेवर. रँच काउंटीच्या पश्चिम भागात, आणि ही काउंटी दोन कालविभागांत विभागलेली; मालकाने सांगितलेला एक वाजता म्हणजे आमच्या घड्याळात दोन. आम्ही तासभर आधीच पोहोचलो. तो वेळ टायरची हवा कमी करण्यात गेला; भरल्या टायरने या वाळूत गाडी रुतते.

एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी मोजणीदारांना इथे ना दगड मिळाला ना झाड. त्यांच्या टिपणांत सेक्शनच्या कोपऱ्याची खूण अशी असते: जमिनीत १२ इंच खोल क्वार्टभर, म्हणजे लिटरभर लोणारी कोळसा, वर चार फूट पायाचा, दोन फूट उंचीचा मातीचा ढिगारा, आणि चारही सेक्शनांत, कोपऱ्यावरच्या खुंटीपासून साडेपाच फुटांवर, १८ बाय १८ इंचांचे फूटभर खोल चार खड्डे. ढिगारा आणि खुंटी केव्हाच जातात. आपल्याकडे बांध शेजारी कोरतो, इथे वारा कोरतो.

शोधायची जागा उपग्रह यंत्राने काढली, नंतर कुणी खुणेला लोखंडी नळी पुरली असेल म्हणून डिटेक्टर फिरवला. काही नाही. मग चपटं खोरं आडवं धरून एकेका बोटाचा थर खरवडत गेलो. इथे खणायचं नसतं. एक खोल घाव घातला की पुरावाच विस्कटतो. काळा डाग दिसला म्हणून हुरळूनही चालत नाही. कुंपणाचे खांब कुजू नयेत म्हणून त्यांचं टोक भाजून पुरायची पद्धत होती, वणव्यात जळलेली मुळंही असतात. वीतभर खाली पिवळ्या वाळूत कोळशाचे तुकडे एकत्र लागले, ओंजळभर. तरी खात्री नव्हती. साडेपाच फुटांवर ईशान्येला खरवडल्यावर गडद, बारीक मातीचा चौकोन उमटला. शंभरेक वर्षं वाऱ्याने आणलेल्या धुळीने भरलेला खड्डा. चारांपैकी तीन सापडले, चौथा टेकाडाच्या फुटलेल्या कुशीत गेला होता.

शेजारच्या कोपऱ्यांमधलं अंतर प्रमाणात वाटून काढलेली जागा इथून १७ फूट दूर पडत होती. पुष्कळ जण तिथेच गज ठोकून मोकळे होतात, आणि हा शुद्ध आळस आहे. प्रमाणाचा हिशोब फक्त खूण पूर्ण हरवली तरच. मूळ खूण सापडली की अंतर चुकलेलं असो, खरी तीच. आमचा मैल भरला ५,३०१ फूट, नोंद ६६ फुटी ८० साखळ्यांची, म्हणजे ५,२८०. खडबडीत भागात जुने मोजणीदार अर्धी, ३३ फुटी साखळी वापरत, आपल्या गुंठ्याच्या साखळीएवढी. कड्या झिजल्या की साखळी लांबते, म्हणून प्रत्यक्षात अंतर जास्त निघतं.

कुंपणाचा खांब मात्र कोळशापासून ५८ फूट पश्चिमेला. उत्तरेचं टोक बरोबर, खाली येताना वाळूचा खळगा टाळून वळवलेलं. मैलभर लांबीची ती पाचर साडेतीन एकरांची झाली. नकाशावर आम्ही हद्द आणि कुंपण दोन्ही दाखवलं. त्यापुढचं काम वकिलांचं, कारण नेब्रास्कात दोन्ही शेजाऱ्यांनी दहा वर्षं कुंपणालाच हद्द मानलं असेल तर तोच दावा उभा राहू शकतो.

कोळसा हलवला नाही. त्याच्या कडेने लांब गज ठोकून ॲल्युमिनियमची टोपी बसवली, फोटो घेतले, तीन खांबांपासूनची अंतरं लिहिली. मग माती परत भरून गवताचे गड्डे मुळं खाली करून बसवले. मालकाने मागून जुन्या चाऱ्याची गासडी आणून वर पसरली. उघडी वाळू ठेवली तर वारा तिथूनच नवा खळगा सुरू करतो.