ट्रायटन कुठल्या रांगेत?

विज्ञान केंद्रांसाठी ग्रह आणि चंद्रांची फायबरची मॉडेलं बनवणं हा माझा व्यवसाय. अलीकडे एका दालनाचं काम केलं. एका रांगेत बर्फाळ चंद्र, समोरच्या रांगेत प्लूटो, सेरेससारखे बटुग्रह. प्रमाण १०० किलोमीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे गॅनिमीड ५२.७ सेंटिमीटरचा, युरोपा ३१.२, नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन २७, प्लूटो २३.८, सेरेस ९.४ आणि एन्सेलॅडस जेमतेम ५.

गोळा करण्यात काय अवघड, असं लोकांना वाटतं. साच्यातून दोन अर्धगोल निघतात आणि जोडले की मधोमध सांधा उरतो. त्यावर लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, परत भरायची. तिरप्या उजेडात बोटाला आणि डोळ्याला सांधा सापडेनासा झाला की मग प्रायमर. हे काम आमच्याकडे मामा करतात, आणि एअरब्रशही त्यांच्याच हातात. त्यांच्या तोडीचा हात मी दुसरा पाहिलेला नाही. खगोलशास्त्र ते शिकलेले नाहीत. अवकाशयानांनी काढलेले फोटो भिंतीला लावतात आणि तासन्‌तास बघत बसतात.

ट्रायटन आणि प्लूटोचे फोटो पाहून ते म्हणाले, "ताई, ह्या दोघांना एकच डबा काढतो." पांढऱ्यात थोडा सिएना, म्हणजे मातकट तपकिरी, किंचित गुलाबी. मला फार बरं वाटलं, कारण त्यांनी नजरेने रसायनशास्त्रच ओळखलं होतं. दोन्हीकडे नायट्रोजनचा बर्फ, त्यात मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड. मिथेनवर अतिनील किरण आणि भारित कणांचा मारा झाला की तांबूस संयुगं तयार होतात. युरोपाचा रंग ह्या डब्यातून निघत नाही, तिथे पाण्याचा बर्फ आणि तपकिरी भेगा. सेरेस तर डांबरी काळपट.

तपासणीला समितीचे साहेब आले तेव्हा मामांनी गोळे टेबलावर मांडून ठेवले होते. ट्रायटन प्लूटोच्या शेजारी.

"हा इकडे कसा? हा चंद्र आहे ना?" साहेबांनी यादी काढली.

"साहेब, भाऊ आहेत हे. रंग बघा की," मामा म्हणाले.

साहेब हसले. ते हसणं मला अजून खटकतं, कारण मामांचं म्हणणं बरोबर होतं. ट्रायटन नेपच्यूनभोवती त्याच्या स्वतःच्या गिरकीच्या उलट्या दिशेने फिरतो. एवढ्या मोठ्या चंद्रांमध्ये दुसरा कुणी तसा नाही. नेपच्यूनच्या भोवती जन्मला असता तर तो असा फिरलाच नसता. तो प्लूटोसारखाच कायपर पट्ट्यातला, म्हणजे नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांच्या पट्ट्यातला, आणि नेपच्यूनने त्याला ओढून घेतलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. घनताही जवळपासची, ट्रायटनची घन सेंटिमीटरला २.०६ ग्रॅम आणि प्लूटोची १.८५. आकाराने ट्रायटनच मोठा. मी हे सगळं सांगितलं. साहेबांनी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ साली प्रागमध्ये ठरवलेली व्याख्या वाचून दाखवली: बटुग्रह सूर्याभोवती फिरायला हवा, कुणाचा उपग्रह नसावा. विषय संपला.

नियमाने तेही बरोबर. पण ती व्याख्या गोळा कुणाभोवती फिरतो ते सांगते, तो कशाचा बनलाय ते सांगत नाही. दालन बघायला येणाऱ्या मुलांना दुसरी गोष्ट आधी कळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग साहेबांनी ट्रायटन फिरवून पाहिला. "हा अर्धाच रंगवलाय." तो मुद्दाम तसा ठेवलेला होता. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान शेजारून गेलं तेव्हा ट्रायटनचा साधारण ४० टक्केच पृष्ठभाग नीट दिसला. त्यानंतर तिथे कुणी गेलेलं नाही. दिसलेल्या भागात मामांनी खरबुजाच्या सालीसारखी खडबडीत जमीन जीव ओतून उठवली होती, दक्षिणेकडे जमिनीतून उसळणाऱ्या वायूच्या कारंज्यांनी फेकलेल्या काळ्या धुळीचे पट्टे ओढले होते. उरलेल्या भागावर सपाट रंग. "चार खड्डे टाका, कुणाला कळतंय," असं साहेब म्हणाले. मी नकार दिला. सरकारी कामात सपाट जागा म्हणजे अपुरं काम असा समज आहे आणि त्यापायी कितीतरी केंद्रांत कल्पनेतले डोंगर उभे आहेत.

घरी आल्यावर मात्र साहेबांची बाजू वेगळ्या वाटेने पटायला लागली. युरोपा, एन्सेलॅडस ह्यांच्या पोटात पाणी टिकलंय ते मोठा ग्रह त्यांना सतत ताणतो-दाबतो म्हणून. प्लूटोला असा कुणी नाही, तरी जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाने तिथे एकही विवर न दिसणारं, म्हणजे अजून ताजं असलेलं नायट्रोजनचं मैदान दाखवलं. ट्रायटन पकडला गेला तेव्हा त्याची कक्षा लांबट असणार. ती गोल होता होता तो आतून तापला, बहुधा वितळलाही. म्हणजे जन्म प्लूटोचा आणि पुढचं आयुष्य चंद्राचं. त्याचा आजचा चेहरा त्या पकडण्यानेच घडला असेल, तर चंद्रांच्या रांगेतली जागा नुसती नियमाची राहत नाही.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन्ही रांगांच्या मधे ठेवा."

यादीत मधली जागा नाही. ट्रायटन चंद्रांच्या रांगेत गेला, सपाट भागासकट. फलकावर मी 'कायपर पट्ट्यातून आलेला असावा' अशी ओळ घातली होती, ती शब्दमर्यादेच्या नावाखाली कापली गेली. ओळ परत घ्यावी म्हणून पत्र दिलंय. जागा करायला हवी असेल तर गॅनिमीडच्या फलकावरची उद्घाटकांची नावं काढा, हेही त्यात लिहिलंय.