फराळाचा खोका आणि बर्नचा करार

पोस्टाच्या पावतीवरचा नंबर कुणी वाचत बसत नाही. मोबाइलमध्ये टाकायचा, पार्सल कुठवर गेलं ते बघायचं, झालं. परदेशी पार्सलाचा नंबर मात्र एकदा सावकाश बघण्यासारखा असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी 'आयएन', म्हणजे आपण. स्पीड पोस्ट असेल तर सुरुवात 'ई'ने, रजिस्टर असेल तर 'आर'ने. नऊ आकड्यांतला शेवटचा हा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो. म्हणजे कुणी घाईत एखादा आकडा चुकवला, तर संगणकाला लगेच कळतं. आणि हाच नंबर म्युनिकच्या पोस्टातही चालतो. तिथे त्यावर नवीन चिठ्ठी डकवावी लागत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. पूर्वी परदेशी पत्राचा दर ते कुठल्या वाटेनं जाणार यावर ठरायचा. प्रत्येक दोन देशांचा करार निराळा, वजनाची मापंही निराळी. जर्मनीच्या टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी एक परिषद भरवण्याचा आग्रह धरला आणि 9 ऑक्टोबर 1874 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये 22 देशांनी सह्या केल्या. टपालापुरता या सगळ्यांचा मिळून एकच मुलूख, असं ठरलं. भारत 1876 मध्ये त्यात आला. राज्य इंग्रजांचं होतं, पण टपालाच्या टेबलावर भारताची नोंद वेगळी झाली. आज या जागतिक टपाल संघात 192 देश आहेत. त्यातले कित्येक एकमेकांचं तोंडही बघत नाहीत, पण पत्रं पोचवतात.

मला त्यांचा पैशांचा जुना नियम फार आवडतो. ज्यानं तिकीट विकलं, त्यानं पैसे ठेवायचे. पत्र घरोघर वाटणाऱ्या देशाला काही नाही. का? तर पत्राला उत्तर येणारच, म्हणजे फिटंफाट! माणसं पत्रोत्तर देतात या भरवशावर जगाचा हिशेब जवळजवळ शंभर वर्षं चालला. पुढे मासिकं, पाकिटं एकाच बाजूनं जास्त यायला लागली आणि 1969 मध्ये वाटपाचे पैसे घ्यायचं ठरलं. अलीकडे चीनहून येणाऱ्या पुड्या वाटण्याचे पैसे फार कमी मिळतात म्हणून अमेरिका एवढी चिडली की संघ सोडायलाच निघाली होती. 2019 मध्ये जिनिव्हात खास बैठक बोलावून दर बदलले, तेव्हा कुठे ती थांबली.

असल्या बैठका रटाळच असणार. ग्रॅम, दर, फॉर्मचे रकाने. पण त्या रकान्यांमुळेच आमच्या पोस्टातल्या खिडकीवर "आत काय?" "फराळ." "किंमत किती लिहू?" एवढ्या संवादावर काम भागतं. (किंमतीपाशी सगळ्याच आया अडखळतात. घरच्या अनारशाला काय भाव लावायचा?)

ही घडी विस्कटली की काय होतं, ते 2025 मध्ये दिसलं. अमेरिकेनं कमी किमतीच्या पार्सलांची जकातमाफी काढली, पण जकात कुणी आणि कशी गोळा करायची हे टपालखात्यांना नीट कळेना. ऑगस्टअखेर आपल्यासकट अनेक देशांनी तिकडे जाणारी पार्सलं घेणं थांबवलं. आपल्याकडे ती पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं 21 तारखेला. शेजारच्या काकूंचा चिवडा न्यू जर्सीला पोचला तो तुळशीच्या लग्नानंतर. मुलीनं फोनवर सांगितलं, मऊ पडला होता, पण संपला.