आधी टेप लावली तर लबाडी होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टेबलावर मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या, लढाया खेळणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो: चाल जाहीर करण्याआधीच अंतर मोजून घेणं न्याय्य आहे का? माझं उत्तर, हो.

पूर्वी मी उलट बाजूला होतो. वॉरहॅमर फँटसी या अशाच खेळात 2010 पर्यंत चार्ज, म्हणजे शत्रूवर धावून जाण्याची चाल, नजरेच्या अंदाजानेच जाहीर करावा लागे. टेप नंतर. अंतर पुरलं नाही तर पलटण अर्ध्या वाटेत उघडी पडायची. तो थरार मला मनापासून आवडायचा.

मग एका मित्राबरोबर नियमित खेळू लागलो. त्याला एकाच डोळ्याने दिसतं. त्याचे डावपेच माझ्याहून सरस, पण घोडदळ दर वेळी अर्ध्या इंचाने कमी पडायचं. मी जिंकायचो, आणि त्या जिंकण्यात मी काहीच केलेलं नसायचं.

त्यानंतर बाकीच्यांकडे नीट पाहिलं. नुसत्या नजरेवर कोण खेळत होतं? दोन्ही सैन्यं 24 इंचांवर मांडली की पुढे बेरीज-वजाबाकीच उरते. कुणी टेबलावर सहज म्हणून वीत टेकवायचा, कुणी कोपरापासून हात. पोचणार नाही हे ठाऊक असूनही एक बाण सोडायचा, म्हणजे टेप वाचायला मिळते! मोजणं चालूच होतं, फक्त आडून.

मोजू दिलं की धोका संपतो, हेही खरं नाही. वॉरहॅमर फँटसीच्या 2010च्या आवृत्तीत चार्जच्या अंतरात दोन फाशांची बेरीज आली. 2012 साली वॉरहॅमर 40,000 या तिच्या भावंड खेळातही चार्ज दोन फाशांवर गेला. तिथे टेप 8 इंच दाखवते, पण दोन फाशांवर आठ किंवा जास्त पडण्याची शक्यता 36 पैकी 15. जायचं की थांबायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

जिथे अंदाज हाच खेळाचा गाभा आहे तिथे मात्र मी टेपला हात लावत नाही. फ्लेचर प्रॅट या अमेरिकी लेखकाने रचलेल्या आरमारी खेळात तोफेचा पल्ला ओळखणं हीच खरी लढाई. एक्स-विंग या अंतराळयानांच्या खेळात यानाची चाल डायलवर गुपचूप लावायची, ती मोजायची पट्टी नंतर ठेवायची. ते नियम तसेच हवेत.

एरवी मी मोजतो आणि मोठ्याने बोलतो: "याच्यापासून साडेबारा इंचांवर थांबतोय, बरोबर?" समोरचा वाकून पुतळ्याखालच्या बेसच्या कडेपाशी टेप बघतो, मान डोलावतो. पुढे कुणाची बाही लागून बेस सरकला, तरी तो कुठे होता हे दोघांनाही माहीत असतं.