तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे उतरतात कुणाच्या खात्यात?

लग्नाची पंगत असो, दशक्रियेनंतरचा चहा असो की सोसायटीचा बाक, मला एक प्रश्न हमखास येतो. "तुमचं आयुष्य साखर कारखान्यांची दप्तरं तपासण्यात गेलं. मग सांगा, बुडता उद्योग सरकारनं वाचवावा की नाही?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. शहरातल्या माणसाला 'अजिबात नको' ऐकायचं असतं, कारण त्याचा कर पगारातूनच कापला जातो. गावाकडच्याला 'वाचवलाच पाहिजे' ऐकायचं असतं, कारण त्याचं बिल थकलेलं असतं. मी आमटीची वाटी पुढे करतो आणि पावसाचा विषय काढतो. परवा पुतण्यानं मात्र सोडलं नाही. "काका, तीस वर्षं सहकार खात्यात लेखापरीक्षण केलंत, आणि एक हो-नाही सांगता येत नाही?"

तर सांगतो. पण आधी माझंच येणं-देणं मांडतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. माझी कॉलेजची फी उसाच्या बिलातून भरली गेली. वडिलांचा दीड एकर ऊस होता. पहिली उचल आली की सोसायटीचं कर्ज फिटायचं आणि दिवाळीच्या हप्त्यात घरातले कपडे व्हायचे. १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, हे आम्हाला शाळेत शिकवावं लागलं नाही, घरातच ऐकलं होतं. तेव्हा कारखाना म्हणजे नुसती चिमणी नव्हे. त्याच्याभोवती शाळा, दवाखाना, आठवड्याचा बाजार, टायरची दुकानं, सगळं उभं राहतं. तो बंद पडला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून 'मरू दे, बाजार बघून घेईल' असं सहज म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता दुसरी बाजू. एका कारखान्यात मी मार्चअखेरचे हिशेब तपासत होतो. त्या वर्षी कारखान्याला मोठं कर्ज मिळालं होतं. कर्ज बँकेचं, हमी राज्य सरकारची. थकलेली ऊसबिलं द्यायला पैसे नाहीत, हे प्रस्तावातलं कारण. पेपरात 'ऊस उत्पादकांना दिलासा' म्हणून छापून आलं होतं. मी बँकेचा खातेउतारा पुढे ओढला. रक्कम जमा झालेली होती. त्याखालच्या दोनच ओळींत, त्याच तारखेला, जवळजवळ तेवढीच रक्कम नावे पडलेली, म्हणजे वजा झालेली. एक ओळ मागच्या हंगामाआधी काढलेल्या कर्जाच्या बाकीची, दुसरी व्याजाची. चीफ अकाउंटंट सरळ माणूस होता. मान खाली घालूनच म्हणाला, "साहेब, पैसे आले म्हणायचे, दिसले नाहीत कुणाला."

यात चोरी कुठेच नव्हती. ठराव होता, सह्या होत्या, व्हाउचर होतं. फक्त एवढंच झालं होतं की बँकेचं जे येणं कालपर्यंत बुडीत दिसत होतं, ते एका दिवसात सरकारी हमीचं झालं. कारखान्याचं कर्ज होतं तेवढंच राहिलं, शेतकऱ्याचं बिल होतं तिथेच राहिलं. वाचली ती बँक, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत वाचलं संचालक मंडळ. त्या दिवसापासून कुठलंही पॅकेज जाहीर झालं की मी एवढंच बघतो, पैसे उतरणार कुणाच्या खात्यात.

थकहमी, म्हणजे 'कारखान्यानं कर्ज थकवलं तर सरकार फेडेल' ही लेखी हमी, फार सोयीची गोष्ट आहे. रोख द्यायची तर अर्थसंकल्पात तरतूद लागते, पुरवणी मागण्या लागतात, कुणीतरी उभं राहून विचारतं की रस्त्याचे पैसे इकडे का. हमी द्यायच्या दिवशी तिजोरीतून छदाम जात नाही. त्यामुळे 'नाही' म्हणायला कुणाकडे कारण नसतं आणि 'हो' म्हणणाऱ्याचा सत्कार होतो. बिल येतं पुढे कधीतरी, दुसऱ्याच मंत्र्याच्या काळात. माझ्या त्या कारखान्यानं तर हमी घेतल्यावर सरकारला द्यायचं हमी शुल्कसुद्धा थकवलं होतं. म्हणजे छत्री उसनी आणि तिचं भाडंही बाकी.

बँका त्यात बुडतात कशा, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं शिखर बँक, म्हणजे राज्य सहकारी बँक, हे अक्षय पात्र आहे. साखर तयार झाली की गोदामात जाते, गोदामाला बँकेचं आणि कारखान्याचं अशी दोन कुलपं लागतात, आणि साठ्याच्या किमतीवर मालतारण कर्ज मिळतं. बाजार पडला की साखरेची किंमत कर्जाच्या खाली जाते. ह्या फरकाला आमच्या भाषेत अपुरा दुरावा म्हणतात. एक-दोन हंगाम हा दुरावा अंगावर घेतला की पुढचा ऊस कशाच्या जोरावर गाळायचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि मग हमी. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेनं २०११ च्या मे महिन्यात बरखास्त केलं. थकलेल्या कारखान्यांच्या विक्रीवरून पुढे याचिका झाली आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्या विक्रीत काय खरं, काय खोटं, त्यावर मी बोलणार नाही. त्याला न्यायालयं आहेत.

माझ्यावर बोलतो. एका गोदामात साखरेच्या थप्प्या मोजायच्या होत्या. लांबी, रुंदी, उंची मोजली, गुणाकार केला, आकडा पुस्तकाशी जुळला. खाली उतरणार तेवढ्यात, का कोण जाणे, मी शिडी लावून थप्पीवर चढलो आणि मधोमध पाय ठेवला. पाय आत गेला. कडेची पोती भरलेली, मध्ये बारदान नुसतं पसरलेलं. चौकोनी विहीरच. गोदामकीपर खालून म्हणाला, "साहेब, जपून." मी अहवालात काय लिहिलं? 'पोकळ' हा शब्द लिहिला नाही. 'प्रत्यक्ष साठा व पुस्तकी साठा यांत तफावत आढळते, खुलासा व्हावा' असं लिहिलं. ऑडिट वर्ग 'क' दिला, सगळ्यात खालचा 'ड' द्यायला हवा होता. तोच साठ्याचा आकडा पुढे हमीच्या प्रस्तावाला जोडला गेला. म्हणून सरकारनं अमुक करायला हवं होतं असं मी म्हणतो, तेव्हा त्यात सरकारचा एक नोकर मीही होतो, हे धरून चाला.

पण सगळं पाप संचालकांचं, असंही नाही. पाय सरकारही मोडतं. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचाच तो किमान दर, दिल्ली ठरवते. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि योग्यच आहे. साखरेचा किमान विक्री दरही दिल्लीच ठरवते. आता वहीचं मागचं पान काढा. २०१८-१९ ला एफआरपी दहा टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघाली तर, टनाला २७५० रुपये. २०१९ च्या फेब्रुवारीत साखरेचा किमान दर किलोला ३१ झाला. टनाला शंभर किलो साखर म्हणजे ३१०० रुपये. ऊस देऊन साडेतीनशे उरतात, त्यात पगार, दुरुस्ती, व्याज कसंबसं कोंबा. २०२४-२५ ला एफआरपी झाली ३४००, सव्वादहा टक्के उताऱ्याला. साखरेचा किमान दर तोच, ३१. एकशे अडीच किलो गुणिले ३१, झाले ३१७७ रुपये. उसाचेच पैसे निघत नाहीत. प्रत्यक्ष बाजारात साखर याहून चढ्या दरानं जात होती, मळी आणि बगॅस म्हणजे चोथा, यांचंही उत्पन्न असतं, ते धरलंच पाहिजे. पण बाजार पडला तर टेकायला म्हणून सरकारनं जी फळी ठोकली होती, ती उसाच्या दराच्याही खाली राहिली.

इथेनॉलचं तर याहून वाईट. २०१८ पासून व्याजात सवलत देऊन कारखान्यांना डिस्टिलऱ्या उभारायला लावलं. लोकांनी कर्जं काढली, टाक्या बांधल्या. ७ डिसेंबर २०२३ ला, ऊस टाकायच्या गव्हाणीत मोळी पडून हंगाम भरात आलेला असताना, आदेश आला की त्या वर्षासाठी उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद. आठवडाभरात थोडी ढील दिली, १७ लाख टन साखरेइतक्या मर्यादेची. शहरात साखर महागू नये हा हेतू मला कळतो. पण त्याची किंमत डिस्टिलरीच्या कर्जाच्या हप्त्यातून वसूल झाली. अशा वेळी कारखान्याला पैसे दिले तर ते वाचवणं नव्हे. ती नुकसानभरपाई आहे, तिला त्याच नावानं हाक मारा आणि बिनदिक्कत द्या. 'मदत' म्हटलं की देणाऱ्याचे फ्लेक्स लागतात.

आणि जिथे कारखाना चालवणाऱ्यांनीच बुडवला, तिथे? पुतण्या आयटीतला, म्हणून त्याला त्याच्याच गल्लीतलं उदाहरण दिलं. सत्यम, हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेब खोटे असल्याचं पत्र लिहून दिलं. केंद्र सरकारनं दोन-तीन दिवसांत जुनं संचालक मंडळ बाजूला केलं आणि दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी उद्योगजगतातली जाणती माणसं नेमली. तिजोरीतून पैसा ओतला नाही. एप्रिलमध्ये लिलावात टेक महिंद्रानं कंपनी घेतली. पन्नास हजारांच्या आसपास लोकांचे पगार चालू राहिले. भाग धारण करणाऱ्यांचं नुकसान झालं, ते व्हायचंच होतं. वाचलं काय? काम वाचलं. मालकी बदलली.

"मग साखरेत असं का करत नाहीत?" पुतण्याचा लगेच प्रश्न. करता येतं. सहकार कायद्यात मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमायची सोय आहे. साखर आयुक्तांकडे थकीत एफआरपीसाठी आरआरसीची, म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्राची, कारवाई आहे, महसुली थकबाकीसारखी वसुली होते, साखर जप्त करून विकता येते. हत्यारं सगळी आहेत. फक्त सत्यमच्या मंडळावर सही करणाऱ्या मंत्र्याला राजूंच्या तालुक्यातून निवडून यायचं नव्हतं.

माझं म्हणणं विचाराल तर असं. सरकारला पैसे घालायचेच असतील तर आधी थकलेली ऊसबिलं आणि कामगारांचे थकीत पगार थेट त्यांच्या त्यांच्या खात्यात टाकावेत, आणि तेवढ्या रकमेचा बोजा सरकारनं स्वतःच्या नावानं कारखान्यावर चढवावा. मंडळ त्याच दिवशी घरी. कारखाना चालवायच्या अटीवर लिलाव, जमीन विकायच्या अटीवर नव्हे. आणि जुन्या बँकेनं आपलं दुखणं आपण सोसावं, तिनं डोळे उघडे ठेवून कर्ज दिलं होतं.

हे शेवटचं वाक्य बोलायला सोपं आहे. बँक म्हणजे जिल्हा बँक असली तर तिच्यातल्या ठेवी कुणाच्या? त्याच शेतकऱ्याच्या, पतसंस्थेच्या, निवृत्त शिक्षकाच्या. बँकेला धडा शिकवायला जावं तर गुरुजींची ठेव अडकते. इथे माझ्याकडे चोख उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं तो म्हणतो, त्यानं एकदा ठेवीदारांच्या रांगेत उभं राहावं.

शिवाय ऊसतोड मजूर. त्याचं नाव मला कुठल्याही ताळेबंदात कधी सापडलं नाही. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, असते, ती 'तोडणी-वाहतूक ठेकेदारांकडून येणे' म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. म्हणजे बीडच्या जोडप्याचा कोयता कारखान्याच्या मालमत्तेत मोजला जातो. वाचवायच्या यादीत तो येत नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका बंद कारखान्यावरून जात होतो, गाडी थांबवली. मी कधीकाळी तपासलेला. वजनकाट्यावर बाभळी उगवल्या होत्या, गव्हाणीत कुत्री झोपलेली. गेटवर रखवालदार मात्र होता, जुनाच, मला ओळखून उठून उभा राहिला. पगार कधीचा बंद. टेबलावर हजेरीपुस्तक उघडं होतं. आत शिफ्टनिहाय रकाने, रोजच्या तारखा आणि रोज त्याची एकट्याची सही, एकही दिवस सुटलेला नाही. म्हणाला, "उद्या कुणी घेतला कारखाना, थकीत पगार निघाला, तर हजर होतो याचा पुरावा नको का?" मग जरा थांबून त्यानं पुस्तक माझ्याकडे वळवलं. "साहेब, तुम्ही तपासलं म्हणून एक सही करता? धरतील?"

माझ्या सहीला आता काही अर्थ नाही, हे मी त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पण पेन पुढे केलेलंच ठेवलं. मी तारीख टाकून सही केली.