मुंगूस शिरणार नाही असं खुराडं

हार्डवेअरच्या दुकानात ‘कोंबडीची जाळी’ मागितली की षटकोनी भोकांची, पातळ तारेची जाळी हातात पडते. खुराड्याला ती लावू नका. तिने कोंबडी आत राहते, एवढंच. कुत्रा ती दातांनी फाडतो, उंदीर भोकातून सरळ आत येतो, आणि बोका पंजा घालून दांडीवर झोपलेल्या कोंबडीचं मुंडकं ओढतो.

पाहिजे ती अर्धा इंची चौकोनांची, 18 गेज जाडीच्या तारेची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी. ठाण्या-बेलापुरात खाडीच्या खाऱ्या हवेने तार लवकर गंजते, म्हणून वेल्डिंग झाल्यावर जस्ताचा मुलामा दिलेलीच घ्या. ओळख सोपी आहे. तारांच्या सांध्यावर जस्ताचा थेंब साचलेला दिसला तर ती चांगली. सांधा काळपट, जळका दिसला तर मुलामा आधीचा आहे, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

सहा गावठी कोंबड्यांना 6 बाय 4 फुटांचं खुराडं आरामात पुरतं. पावसाचं पाणी तुंबतं त्यापेक्षा जोतं किमान एक फूट वर घ्या आणि तळाला कोबा करा, दाराकडे थोडा उतार ठेवून. मातीच्या तळातून घूस हमखास वर येते. कोब्यावर दोन फुटांची वीटभिंत, त्यावर लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा. कोब्यापासून पुढची उंची 6 फूट, मागची 5. वीटभिंतीमुळे बाहेर फिरणारा कुत्रा कोंबड्यांना दिसत नाही, नाहीतर त्या रात्रभर धास्तावतात. जाळी कापाकापी धरून 80 चौरस फूट लागते.

जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावा. मग कुत्र्याने धडक दिली तरी ती पाइपवरच दाबली जाते. आतून लावलेली असेल तर उचकटते. कडेवर लोखंडी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर वॉशरसह स्क्रू मारा. लाकडी सांगाड्यावर मारलेले यू-खिळे पावसाळ्यात लाकूड फुगलं की ढिले होतात.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे पन्हळी पत्र्याच्या नाळी. पत्रा आडव्या पाइपवर टेकतो तिथे प्रत्येक नाळीखाली अर्धगोल भोक उरतं. उंदीर आणि धामण दोघंही तिथूनच येतात. त्या प्रत्येक भोकात जाळीचा तुकडा दुमडून घट्ट ठासा. सिमेंटने बुजवलं तर पत्रा तापून-गार होऊन ते तडकतं.

फिरायला मोकळी जागा दिलीत तर तिच्याभोवती जाळीची झालर हवी: भिंतीच्या पायापासून बाहेर दोन फूट आडवी पसरायची, वर दोन-तीन इंच माती आणि दगड. मुंगूस भिंतीला अगदी लागून उकरतो, जाळी लागली की थांबतो. दोन फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. कोपऱ्यांत जाळी एकमेकींवर सहा इंच चढवा. वरूनही जाळी हवीच, घार आणि शिक्र्यासाठी. वर पत्रा टाकलात तर आणखी चांगलं, रानपक्ष्यांची विष्ठा आत पडत नाही. 2022 मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला होता, हे लक्षात ठेवा. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला मात्र बिबट्यापुढे जाळी पुरणार नाही. तिथे रात्रीची जागा पूर्ण विटांची, दार लोखंडी.

दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. एकच कडी असेल तर कुत्रा खालचा कोपरा नाकाने रेटून फट पाडतो. प्लायवुडचं दार पहिल्याच पावसात वाकतं.

दांडी दीड-दोन इंच जाडीची, गोल, जाळीपासून फूटभर आत. छपराखाली सहा इंचांची जाळीबंद फट चारी बाजूंनी सोडा. पश्चिमेची झड थोपवायला ताडपत्री बांधाल तेव्हाही ही फट झाकू नका. तळाला अंथरलेलं तूस ओलं झालं की त्यातून उठणारा अमोनिया कोंबड्यांच्या डोळ्यांत-छातीत जातो.

उंदरांना विष घालू नका, मेलेला उंदीर कोंबडी टोचून खाते. रात्री खाद्य उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवा. मुंगूस, धामण यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

काम संपल्यावर अंधारात आत दिवा लावून बाहेरून एक फेरी मारा. उजेडाची जी रेघ जाळीच्या चौकोनापेक्षा रुंद दिसेल, तिथे खूण करा. आणि गणपती झाले की जोत्यालगतची तार स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. तुटली तर तीन इंच जास्तीचा तुकडा वरून चढवून बांधा.