पिन बसते, पण वीज तीच नसते

परदेशातून आणलेलं उपकरण माझ्याकडे आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, याला कुठली पिन लागेल?" माझ्या लेखी पिनेचा विचार सगळ्यात शेवटी. अडॅप्टर फक्त पायांचा आकार जुळवून देतो. भिंतीतलं व्होल्टेज आहे तसंच आत जातं, आणि अडॅप्टर छान घट्ट बसला की माणूस निर्धास्त होतो, हेच मला जास्त भीतीचं वाटतं.

म्हणून मी आधी उपकरण उलटं करायला सांगतो. तळाशी किंवा चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं. तिथे 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं असेल तर काळजी मिटली, अडॅप्टर लावा आणि वापरा. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. फक्त 120 किंवा फक्त 100 लिहिलं असेल तर हात आवरायचा. काही ड्रायरना आणि शेव्हरना बाजूला छोटा सरकता खटका असतो, तो योग्य आकड्यावर आहे ना हे वायर लावण्याआधी बघायचं.

अमेरिकेत 120 व्होल्ट आहे, म्हणजे आपल्याकडच्या 230 च्या जवळपास निम्मं. त्यामुळे लोकांना वाटतं, दुप्पट वीज जाईल, थोडं जास्त तापेल इतकंच. पण तापणाऱ्या तारेत उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 120 व्होल्टवर 1500 वॅटचा हेअर ड्रायर 230 वर लावला तर तो साडेपाच हजार वॅट ओढू पाहतो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर तार जळते. उलट दिशेने धोका कमी, पण उपयोगही नाही: 230 ची 2000 वॅटची किटली 120 वर जेमतेम साडेपाचशे वॅट देते, पाणी उकळायची वाट बघत बसा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तापणारी वस्तू परदेशातून आणूच नये. तिला पेलेल असा, व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो वस्तूपेक्षा जड आणि बहुधा महागही पडतो.

हाताच्या तळव्यात मावणारे, वजनाला हलके 'कन्व्हर्टर' मिळतात आणि त्यांवर दीड-दोन हजार वॅट लिहिलेलं असतं. ते विजेची लाट मधेच कापून सरासरी कमी करतात. तापणाऱ्या तारेला तेवढं चालतं, पण रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, शिलाई मशीन त्यांवर कधीही लावू नये. त्यांना खरा, तांब्याच्या गुंडाळीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि तोही गरजेपेक्षा मोठ्या क्षमतेचा, कारण मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते. स्वस्त ट्रान्सफॉर्मर बरेचदा एकाच गुंडाळीचे, म्हणजे ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यातला सामाईक भाग तुटला तर पूर्ण 230 उपकरणात शिरतं. जुन्या, धातूच्या अंगाच्या वस्तूंसाठी मी दोन वेगळ्या गुंडाळ्यांचाच घ्यायला सांगतो.

जपानी वस्तू असेल तर आणखी एक बघायचं. तिथे 100 व्होल्ट आहे, 110 नाही. तापणारी वस्तू 110 च्या ट्रान्सफॉर्मरवर लावली तर एकवीस टक्के जास्त तापते.

आणि एक गोष्ट कुठलाच साधा ट्रान्सफॉर्मर बदलत नाही, ती म्हणजे हर्ट्झ, वीज सेकंदाला किती आवर्तनं करते तो आकडा. मध्यंतरी एक तरुण अमेरिकेतला जुना रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला होता. ट्रान्सफॉर्मर उत्तम, व्होल्टेज मोजलं तर बरोबर, तरी गायिकेचा आवाज जाड आणि सुस्त. त्या प्लेयरची मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली. तिकडच्या 60 च्या जागी आपल्याकडचे 50 मिळाले की वेग सहा भागांतले पाच भाग उरतो, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी 28 सुद्धा भरत नाहीत. 6:5 हे प्रमाण म्हणजे नेमकं षड्जापासून कोमल गंधाराचं अंतर. सगळं गाणं तेवढं खाली उतरतं. ज्याला सुराचं प्रेम आहे त्याला हे ऐकवत नाही, मलाही ऐकवलं नाही.

उपाय मोटरच्या दांड्यावरच्या पितळी पुलीत होता. अशा प्लेयरसाठी 50 आणि 60 हर्ट्झच्या वेगळ्या पुली बनत असत. 50 ची पुली एक पंचमांशाने जाड, त्यामुळे मोटर हळू फिरली तरी तबकडीचा वेग भरून निघतो. आम्ही मोजून तशी करून घेतली. तपासताना ठिपक्यांची चकती तबकडीवर ठेवली आणि वर घरच्या विजेवर चालणारा, तिच्या हर्ट्झप्रमाणे लुकलुकणारा निऑन दिवा धरला. एलईडी दिवा चालेलच असं नाही, बऱ्याच एलईडींचा उजेड हर्ट्झप्रमाणे लुकलुकत नाही. चकतीवर दोन वर्तुळं असतात, 60 साठी 216 ठिपक्यांचं आणि 50 साठी 180 चं. आपल्याला बघायचं ते 180 चं, आणि ते जागच्या जागी उभं दिसलं की वेग बरोबर.