आमची वाटचाल : तिंबलेला गोड पाव

फॉल रिव्हर हे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं गिरण्यांचं गाव. इथल्या कापडगिरण्यांत अझोर्स बेटांवरच्या पोर्तुगीज माणसांनी घाम गाळला. आम्ही वसईहून इथे आलो, तेव्हा शेजारच्या आजी अझोर्समधल्याच फायाल बेटावरच्या निघाल्या. १९५७ साली तिथे कापेलिन्युशचा ज्वालामुखी उसळला, घरं-शेतं राखेखाली गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने खास कायदा केला आणि हजारो लोक इकडे आले. आजींचं कुटुंबही त्यांतलंच. सगळी गल्ली त्यांना ‘वावो’, म्हणजे आजी, म्हणायची, म्हणून आम्हीही.

पहिल्या ईस्टरला वावोंनी फोलार आणून दिला. गोल गोड पाव, त्यात कवचासकट अख्खं अंडं आणि वर पिठाच्या पट्ट्यांची फुली. एक घास खाल्ला आणि मला आईचे फुगे, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आठवले. पोर्तुगीज वसई सोडून गेले १७३९ मध्ये, पण आमच्या ख्रिस्ती घरांत पीठ अंड्यांत भिजवून फुगवायची रीत अजून आहे.

फोलारच्या या गोड पावाचं नाव मासा सोवादा. मासा म्हणजे मळलेलं पीठ. सोवार म्हणजे मळणं आणि झोडपणंही, अगदी आपल्या ‘तिंबणं’सारखं. वावो खरोखर तसंच करायच्या, मुठी पिठात खोल दाबून, अर्धा-पाऊण तास. पाच पौंड मैद्याला डझनभर अंडी, दूध, लोणी, लिंबाची किसलेली साल. साखर ओंजळीने. त्यांची ओंजळ पातेल्यात पडण्याआधी माझे यजमान ती काट्यावर धरायचे. आमची पाककृती अशी लिहिली गेली.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या आरोग्य मंडळाकडून घरच्या स्वयंपाकघराचा परवाना घेतला. फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ त्यावर विकता येत नाहीत. त्यामुळे अंड्याचा फोलार बाद झाला, साधा गोल पाव तेवढा उरला. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

परवान्यानंतरच्या पहिल्याच ईस्टरला चाळीस पावांची मागणी आली. गुरुवारी रात्री पीठ मळून ठेवलं, आणि पहाटे पाहते तर ते होतं तेवढंच. बाहेर बर्फ, स्वयंपाकघर गार. साखर एवढी, की ती पिठातलं पाणी ओढून घेते आणि यीस्ट सुस्तावतं. मी सगळ्यांना फोन करून पाव शनिवारी देईन असं सांगितलं. वावोंनी मात्र पातेल्यावर क्रूस केला, दोन घोंगड्या पांघरल्या आणि ते खोलीतल्या हीटरजवळ नेऊन ठेवलं. दुपारी पीठ काठाशी आलं.

तेव्हापासून आम्ही आधी यीस्ट, कोमट दूध आणि थोडा मैदा एवढंच भिजवतो. ते बुडबुडलं की साखर-अंडी, लोणी सगळ्यांत शेवटी. यीस्टही गोड पिठासाठीचं वेगळं आणतो. ओव्हन मंद ठेवतो, कारण साखर-दुधामुळे वरचा रंग चटकन चढतो आणि आत कच्चं राहतं.

वावो गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. आता दर शुक्रवारी अठरा पाव भाजतो, पवित्र आत्म्याच्या सणाला जास्त. दुकान घ्या, असं गिऱ्हाइकं म्हणतात. पण एका वेळी सहाच पाव आत जातात, आणि पीठ अजूनही मी हातानेच तिंबते.

मागच्या नाताळात एक पाव वसईला नेला. आईने तुकडा मोडला, वास घेतला. म्हणाली, “नारळाचं दूध घालून बघ गो एकदा.” या शुक्रवारी दोन पाव तसे करणार आहे.